द्वारकाबाईंचा दसरा

येडशीच्या फाट्यावरून स्टेशनाकडं वळलं की डाव्या हाताला दोन खोल्यांचं एक नवं घर लागतं. भिंतींना पोपटी रंग, पुढं सिमेंटचा ओटा. त्या ओट्यावर द्वारकाबाई पावसाळा लागल्यापासून बसून होत्या. सकाळी चहा झाला की यायच्या, भिंतीला पाठ लावून पाय लांब करायच्या आणि जेवणाची वेळ झाली तरच उठायच्या.

त्यांना आधीपासून ओळखणाऱ्या कुणाला हे सांगून खरं वाटलं नसतं. द्वारकाबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. बापाला मुलगा नव्हता, म्हणून लोकर कापायची कातर लहानपणीच हातात आली, आणि हात असा बसला की त्यांनी कातरलेल्या मेंढराच्या अंगावर ओरखडा शोधून सापडायचा नाही. लग्न झालं ते लिंबाजीशी, म्हणजे पुन्हा मेंढरांशीच. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, परंड्याच्या माळावरून खाली भीमेकाठाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडाशी परत फिरायचं. आज ह्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. चूल तीन दगडांची आणि छप्पर आभाळाचं. जीव मेटाकुटीला आला तरी ‘दमले’ हा शब्द बाईनं कधी तोंडातून काढला नव्हता.

मग गुडघा गेला. धाराशिवच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बघितला आणि सांगितलं, “आजी, मेंढरांमागं चालणं आता बंद.” लिंबाजी आणि मुलगा बालाजी कळप घेऊन माळावर राहिले आणि द्वारकाबाई नव्या घरात आल्या. घर उभं केलं होतं सुनेनं. सून वर्षाराणी एसटीत कंडक्टर. पहाटे भाकरी थापून, खाकी चढवून ती पहिल्या गाडीनं धाराशिवच्या डेपोत जायची ती दिवेलागणीला परत यायची. घरात दिवसभर द्वारकाबाई एकट्या. आणि घर त्यांच्याकडं बघायचं, त्या घराकडं बघायच्या नाहीत.

सुरुवातीला एकदोनदा त्यांनी झाडू हातात घेतला होता. अर्धी खोली झाडून तो तसाच दाराशी टेकवला आणि ओट्यावर येऊन बसल्या. कशासाठी झाडायचं, हेच त्यांना उमगेना. मेंढरांमागं राबलं की कोकरू दिसामासानं वाढतं, अंगावर लोकर धरतं. घर झाडलं की काय होतं? काही होत नाही. उद्या तेवढाच केर पुन्हा हजर. शिवाय हे घर सुनेचं. आपण इथं पाहुण्या. गुडघा गेला म्हणून आणून ठेवलेल्या. पाहुण्यानं यजमानाच्या घरात उगाच हात घालू नये, असंही त्या मनाला बजावायच्या. हे शेवटचं खरं नव्हतं आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. पण अंगाला जडपणा आला की माणूस कारणं कुठूनही गोळा करतो.

वर्षाराणीला सुट्टी मिळाली की ती घर झाडून-पुसून काढायची. पण त्या साली डेपोत कामाला माणसं कमी होती, सुट्ट्या मिळेनात. खाटेवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग वाढत चालला. छताच्या कोपऱ्यांत जळमटं लोंबू लागली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर तेलकट धूळ बसली. वर्षाराणी एका शब्दानं बोलली नाही. उलट रोज निघताना बजावायची, “आत्या, तुमी काय बी करू नका. गुडघा जपा.”

हे ‘काय बी करू नका’ ऐकलं की द्वारकाबाईंना आपण आता कशाच्याच उपयोगाच्या उरलो नाही असं वाटायचं. पण त्या मान हलवायच्या आणि ओट्यावर जायच्या.

बघता बघता पितृपंधरवडा निम्मा सरला. नवरात्र तोंडावर आलं. आपल्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढायचा, म्हणजे घरातली चिंधीन् चिंधी बाहेर पडली पाहिजे, भांडं न् भांडं घासलं पाहिजे, गोधड्या-वाकळा धुऊन उन्हात पडल्या पाहिजेत. आळीत सगळीकडं तेच चाललं होतं. भिंतींवर, कुंपणांवर, बाभळीवर रंगीबेरंगी गोधड्या वाळत होत्या. शेजारच्या कमलबाईनं तर पत्र्याच्या पेट्यासुद्धा रस्त्यावर आणून घासल्या. हात पुसत ती ओट्याशी आली.

“अक्का, तुमच्याकडं अजून न्हाय का निघाला दसरा?”

“निगंल की.”

“वर्षाला कुठली सवड वो आता. तुळजापूरच्या जादा गाड्या लागतेत. अन् तुमचा तर गुडघा.” कमलबाई मनानं चांगली, जीभ तेवढी सैल. “माझ्याकडं एक बाई येतीय कामाला. धाडून देऊ? एका दिवसात करून टाकंल.”

द्वारकाबाईंची मान एकदम ताठ झाली. “कशाला? आमी काय मेलोय का?”

कमलबाई हसून निघून गेली. पण बोलून बसलेल्या द्वारकाबाई नंतर कितीतरी वेळ ओट्यावर अस्वस्थ होत्या. बाई लावू द्यायची नाही म्हणजे आपण करायला हवं. आणि करायची तर इच्छाच नाही. त्यांनी दारातून आत डोकावून बघितलं. तो पसारा, ते डबे, ती जळमटं. कुठून धरावं, कुठं सोडावं काही कळेना. त्या परत बसल्या.

त्या संध्याकाळी वर्षाराणी उशिरा आली. बूट कसेबसे काढले आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून काही आवाज येईना म्हणून द्वारकाबाई उठून गेल्या. खाटेवर कपड्यांचा ढीग तसाच होता. वर्षाराणीनं खाली पसाऱ्यातली भांडी पायानं बाजूला सारून अंगापुरती जागा केली होती आणि तिथंच, खाकी अंगावर असताना, उशाला हात घेऊन ती झोपली होती. गालाला फरशीवरची धूळ लागली होती.

चाहूल लागून ती जागी झाली. “उठते आत्या. भाकरी टाकते.”

“पड अजून.”

“आत्या, औंदा दसरा माझ्यानं न्हाय निघायचा,” ती पडल्या पडल्याच बोलली. “घट बसंपतूर सुट्टी न्हाय म्हणलेत सायेब. तसाच बसवू घट. देवीला कळतंय की.”

द्वारकाबाईंनी परात ओढली. त्या रात्रीची भाकरी त्यांनी थापली. पण मनात एकच गोष्ट घोळत राहिली. आयुष्यभर मुक्कामाला पोचल्यावर आधी मेंढरांची जागा बघितली. ओल आहे का, काटे आहेत का, दगड टोचतील का. खुराखाली कोरडं करून कळप बसला, मगच आपण पाण्याचा घोट घेतला. मुक्या जनावरासाठी एवढं केलं. आणि घरातली ही लेक दिवसभर उभ्यानं गाडीत हिंदकळून येते आणि भांडी लोटून जागा करते.

सकाळी उठल्यावर आता काही अंगात वारं भरेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वर्षाराणी गेली, चहा झाला, आणि अंग रोजच्यासारखंच जड. पाय आपोआप ओट्याकडं वळले. उंबऱ्यात त्या थांबल्या. ओट्यावर एकदा बसलो की आजचाही दिवस गेला, हे त्यांना पक्कं कळत होतं.

त्यांना बाप आठवला. कातरणीचा दिवस होता, त्या लहान होत्या आणि एवढा मोठा कळप बघून रडकुंडीला आल्या होत्या. बाप म्हणाला होता, “कळपाकडं बगू नगंस, पोरी. एकाचा पाय धर.”

“बरं,” द्वारकाबाई रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाल्या. “पाय धरते. पर एकच.”

हाताशी होता मिठाचा डबा. तोच उचलला. बुटक्या स्टुलावर बसून, राख आणि काथ्या घेऊन घासला. तेलकट मळीखालून स्टील वर आलं. बाजूला ठेवला तर शेजारचा साखरेचा डबा त्याच्यापुढं भिकाऱ्यासारखा दिसायला लागला. म्हणून तो घेतला. मग तिखटाचा. मग डाळींचे. इच्छा अजूनही नव्हतीच. पण हात चालू झाले होते आणि चाललेल्या हातांना इच्छेची फारशी गरज पडत नाही, हे त्यांना जुन्या दिवसांपासून माहीत होतं, मध्यंतरी फक्त विसरायला झालं होतं.

मांडणी रिकामी झाल्यावर तीही पुसली. ऊन ओट्यावर चढलं तेव्हा स्वयंपाकघराची अख्खी भिंत लखलखत होती. द्वारकाबाई मागं सरकून तिच्याकडं बघत राहिल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, “हां. आता कसं.”

जळमटांचा प्रश्न होता. स्टुलावर चढणं गुडघ्याला जमणारं नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं तर दारामागं लिंबाजीची जुनी आकडी उभी. लांब वेळूच्या टोकाला वाकडा कोयता, मेंढरांना बाभळीच्या शेंगा पाडायला. कोयत्याला त्यांनी फाटकं लुगडं घट्ट गुंडाळलं आणि खाली उभं राहून छत झाडायला घेतलं. शेंगा पाडणारा हात तो, कोपरा न् कोपरा त्याला बरोबर सापडला. डोक्यावर, भुवयांवर जळमटं पडली. एक पाल घाबरून खिडकीतून पळाली. “जा बाई, तुजं बी बिऱ्हाड हलीव,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

खाटेवरचा ढीग त्यांनी एकेक कपडा करून घडी घातला. वर्षाराणीच्या खाकीची घडी घालताना हात हळू झाला. सदऱ्याच्या खांद्याशी, जिथं पैशाच्या पिशवीचा पट्टा येतो, तिथं कापड झिजून विरळ झालं होतं. त्यांनी सुई आणली आणि आतून बारीक ठिगळ लावलं. बाहेरून दिसणार नाही असं.

जेवायला त्या बसल्या नाहीत. गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या आणि गोधड्यांकडं वळल्या. गोधड्या ओढ्यावर नेणं शक्य नव्हतं. हौदाशेजारच्या फरशीवर भिजत घातल्या आणि स्टुलावर बसून दांडक्यानं बडवायला सुरुवात केली. दणादण आवाज आळीत घुमला. कमलबाई धावत आली.

“अगं बया! अक्का, हे काय मांडलंय? गुडघा ऱ्हाईल का?”

“गुडघ्यानं न्हाय बडवत म्या, हातानं बडवतीय.”

“सरा तिकडं, मी करते.”

“तू काय करू नगंस,” द्वारकाबाई घाम पुसत म्हणाल्या. मग जरा थांबून, “बरं, आलीयस तर एक टोक धर. पिळायला दोन माणसं लागतेत.”

दोघींनी एकेक गोधडी दोन टोकांनी धरली आणि उलट्या दिशांनी पीळ दिला. पाणी धो धो खाली पडलं. तिसऱ्या गोधडीला कमलबाईचा पाय घसरला आणि ती मटकन खाली बसली, गोधडीसकट. द्वारकाबाईंनी आपलं टोक सोडलं नाही. कमलबाई ओली चिंब होऊन हसत सुटली, “अक्का, लई ताकद हाय की वो तुमच्यात!”

“मेंढा धरलाय मी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “दोन्ही हातानं, शिंगाला. एकटीनं.”

हे सांगताना त्यांचा आवाज असा काही खणखणीत होता, की कमलबाईनं हसू आवरून त्यांच्याकडं नीट बघितलं. पावसाळाभर ओट्यावर बसलेली बाई ही नव्हे, असं तिला वाटलं असावं.

शेवटी फरशी राहिली. ती त्यांनी बसल्या बसल्या, मागं सरकत सरकत पुसली. पाणी बदललं, पुन्हा पुसली. दाराशी येऊन पोचल्या तेव्हा गुडघा ठणकत होता, कंबर बोलत होती आणि हात साबणानं पांढरेफटक झाले होते. पण ओट्यावर बसून आत बघितलं तर खोली मावळतीच्या उजेडात आरशासारखी दिसत होती. द्वारकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांना खूप बरं वाटलं. नुसतं बरं नाही, छाती भरून आली.

वर्षाराणी आली तेव्हा कुंपणावर गोधड्या बघून आधी ती आपलं घर ओलांडूनच चालली होती. मग मागं फिरली. बूट बाहेर काढले, मोजेही काढले. आत पाऊल टाकलं आणि थांबली. फरशी थंडगार, पायाला कणही लागेना.

“आत्या, कुणाला लावलं हो?”

“कुणाला लावायचं? कमळीनं तेवढं पिळू लागलं.”

वर्षाराणी स्वयंपाकघरात गेली. मांडणीसमोर उभी राहिली. मग चहा टाकायला म्हणून वर हात घातला आणि शोधत बसली.

“आत्या, साखर कुठाय?”

“खालच्या फळीवर. माझ्या हाताला लागंल तिथं ठिवलीय. तुला वाकावं लागंल जरा.”

“वाकते की,” वर्षाराणी म्हणाली. चहाचा कप सासूच्या हातात देऊन ती तिच्या पायाशी बसली आणि न विचारता गुडघ्याला तेल चोळायला लागली. “तुमाला म्हणलं होतं ना, काय बी करू नका म्हणून.”

“ते आता म्हणत जाऊ नगंस,” द्वारकाबाई म्हणाल्या. “त्यानंच माणूस बसतंय.”

वर्षाराणीनं मान वर करून बघितलं. हळूच म्हणाली, “न्हाय म्हणणार.” मग तिनं फोन काढला आणि माळावर बालाजीला लावला. “आवं, ऐकलं का? आत्यानी एकटीनं अख्खा दसरा काढलाय. एकटीनं! मामांना द्या फोन.” पलीकडून लिंबाजी काय बोलले ते द्वारकाबाईंना ऐकू आलं नाही. वर्षाराणी मात्र हसून लोटपोट झाली. “मामा इचारतेत, घराला बी कातरलंस का म्हणून.”

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. द्वारकाबाई कुरकुरल्या नाहीत, शेक घेतला. दुपारी फाट्यावर जाऊन बसल्या. वर्षाराणीची गाडी त्या दिवशी बार्शीकडं जाणार होती आणि ती सकाळी गडबडीत भाकरी विसरून गेली होती. गाडी थांबली. दारातून वर्षाराणी वाकली, भाकरीचं फडकं घेतलं. तेवढ्यात ड्रायव्हर बसवराज खिडकीतून मान काढून ओरडला, “आजी, एकटीनं दसरा काढला म्हणं तुमी! आमच्या घरी बी या की!”

गाडीतली माणसं हसली. एक म्हातारी खिडकीतून बघायला लागली. वर्षाराणी लाजून आत पळाली, म्हणजे गाडीभर सांगणारी तीच होती हे उघड होतं. द्वारकाबाईंनी पदर नीट केला. “तुज्या बायकोला काय झालंय?” त्या बसवराजला म्हणाल्या. “अन् तुला बी हात हायेत की!” गाडीत पुन्हा हशा उठला. बेल वाजली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत द्वारकाबाई तिथंच उभ्या होत्या. ‘माझी सून,’ असं त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या, ओळखदेख नसलेल्या बाईला सांगितलं. “कंडक्टर हाय.”

घट बसायच्या आदल्या दिवशी लिंबाजी आणि बालाजी माळावरून आले. लिंबाजींच्या डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, पायात चिखलानं जड झालेल्या वहाणा. माळावरच्या सवयीनं ते तसेच सरळ आत निघाले.

“आवं, पाय धुवा आदुगर.”

लिंबाजी एक पाय उंबऱ्यात तसाच धरून उभे राहिले. आयुष्यात बायकोनं त्यांना ह्या कारणासाठी अडवलं नव्हतं, कारण अडवायला कधी उंबराच नव्हता. त्यांनी खाली फरशीकडं बघितलं, मग बायकोकडं. तिच्या चेहऱ्यावर पूर्वीचं तेज परत आलं होतं. ते मुकाट्यानं हौदाकडं गेले आणि पाय धुऊन, वर पुसूनही आले.

घट द्वारकाबाईंनी आपल्या हातानं बसवला. लिंबाजींनी आणलेली काळी माती पत्रावळीवर पसरली, धान्य पेरलं, मधोमध मातीचा घट ठेवून वर पानं आणि नारळ मांडला. वर्षाराणी ड्युटीवर जायच्या आधी अंघोळ करून पहिली माळ बांधून गेली.

संध्याकाळी आळीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. बानूबाईही आली. ही त्यांच्यासारखीच मेंढरांमागं जन्म काढलेली, बरीच थकलेली, डोळ्यांनी अधू. एके काळी दोघींची बिऱ्हाडं एकाच माळावर उतरायची. नातीचा हात धरून ती उंबरा चढली, खाली बसली आणि तळहात फरशीवरून फिरवत राहिली.

“किती गुळगुळीत गं,” ती म्हणाली. “द्वारके, कुणाचं घर म्हणायचं हे? सुनंचं का?”

दारात लिंबाजी होते, बालाजी होता. बाया ऐकत होत्या. पंधरवड्यापूर्वी द्वारकाबाईंनी ‘व्हय, सुनंचं’ म्हणून विषय संपवला असता.

“सुनंचं हाय,” त्या म्हणाल्या, “अन् माझं बी हाय.”

आणि कुंकवाचा करंडा घेऊन त्या बानूबाईच्या कपाळाकडं वाकल्या. गुडघा कुरकुरला. त्यांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.